आनसाचा पहिला पाय

त्या दिवशी नदीवरून असं धुकं चढलं होतं, की चार पावलांवरचे बैल दिसेनात, नुसते घुंगरांवरून ओळखायचे. गावात दिवे रॉकेलचे होते, तेव्हाची ही गोष्ट. आंबेघोलच्या माळावर गावच्या तालमीच्या संघाची फुटबॉलची मॅच होती, पलीकडच्या गावाशी.

तालमीचे चेंडू म्हादबा शिवायचा. चामडं भिजवायचा, टाके घालायचा, हवा भरायचा आणि लेकीला, आनसाला हाक मारायचा. ती घरामागच्या परड्यातल्या भिंतीवर चेंडू हाणायची. टाका उसवला नाही, तर चेंडू पक्का. पण हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. बाईचा पाय लागला की चेंडू बाटतो, असं तालमीत मानायचे. कळलं असतं तर म्हादबाचं काम गेलं असतं.

त्या दिवशी धुक्यात तालमीच्या एका गड्याचा पाय मुरगळला. बदली गडी नव्हता. तेवढ्यात आनसा लुगडं वर खोचून रेषेवर आली.

"मी खेळते."

सारा माळ हसला. शेजारचा केरबा ओरडला, "म्हादबा, लेकीला आवर! तिकडं भाकरी करपाय लागली!"

तालमीच्या वस्तादांनी चेंडू छातीशी धरला. "पोरी, मागं हो. चेंडू बाटंल."

म्हादबानं लेकीच्या पायांकडं पाहिलं. अनवाणी पाय, नखं फुटलेली, बोटं चामड्याच्या तेलानं काळपटलेली. मग तो हळूच म्हणाला, "वस्ताद, आजवर बाटला न्हाई, त्यो आज कसा बाटंल? तुमच्या हरेक चेंडूला पहिला पाय हिचाच लागलाय."

वस्तादांनी चेंडू फिरवून फिरवून पाहिला, आणि वाकून आनसाच्या पायाशी ठेवला.

असं म्हणतात, तिनं लाथ मारली आणि चेंडू गेला त्या वाटेनं धुकं उभं फाटलं. उन्हाची पट्टी थेट गोलाच्या खांबापर्यंत पडली. पलीकडचा गोलकीपर चेंडू सोडून उन्हाकडंच बघत राहिला. असं म्हणतात, त्या पट्टीतलं गवत पुढं भर उन्हाळ्यातही वाळलं नाही.

मॅच कोण जिंकलं, ते मात्र प्रत्येक म्हातारा वेगळं सांगतो. पण आजही आंबेघोलला नवा चेंडू आला की आधी तो गावातल्या एखाद्या पोरीपुढं ठेवतात. तिचा पाय लागल्यावाचून तालीम त्याला शिवत नाही.

त्या संध्याकाळी म्हादबा उंबऱ्यावर बसला होता. आता काम राहतंय की जातंय, याचा घोर होता. केरबा कुंपणापाशी आला, जरा घुटमळला, आणि म्हणाला, "म्हादबा, आमच्या नातीचं पायबी लई वळवळत्यात. उद्या परड्यात धाडू का तिला?"