यंत्राच्या पोटातलं गवत

बागेवरून दोन-चार पावसाळे गेले असतील, एवढी जुनी ही गोष्ट. तुळशीराम माळ्याच्या अवजारांच्या खोलीत गवत कापायचं नवंकोरं यंत्र आलं. रंग लालभडक आणि पाठीवर चिठ्ठी, 'देखभालीची कटकट नाही'. ती चिठ्ठी यंत्राला तोंडपाठ होती.

खोलीतला म्हातारा विळा मात्र काम संपलं की धुऊन, पुसून, दगडावर घासून घ्यायचा.

"काय आजोबा, रोज आंघोळ?" यंत्र हसायचं.

"बाळा, तुझ्या पोटात ओलं गवत साचलंय. तुळशीराम उलटं करायला आला की चाकं रोवून बसू नकोस."

"मला उलटं करणार? आधी चिठ्ठी वाचा!"

खंडेनवमी आली. तुळशीरामने विळा लखलखीत करून पाटावर ठेवला. यंत्र काही केल्या उलटेना, तेव्हा त्याने वरूनच हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा भलामोठा हार घातला. यंत्र फुगून गेलं. "बघा आजोबा, घासतात तुम्हाला, आणि मोठा हार मला!"

हार वाळला. पंधरा दिवसांनी तुळशीरामने दोरी ओढली. यंत्र घुरघुरलं, खोकलं आणि बंद पडलं. आता चाकं रोवायचंही त्राण नव्हतं. तुळशीरामने उलटं करून बघितलं, तर पोटात गवताचा लगदा, लगद्यात पातं रुतलेलं आणि वर गवताचेच कोवळे कोंब!

त्याने खुंटीवरचा विळा काढला आणि पोटातलं गवत कापायला घेतलं.

"आजोबा, जरा हळू," यंत्र कळवळलं.

"हलू नकोस," विळा म्हणाला. "एवढं झालं की ती चिठ्ठीही खरवडायचीय."