सोमारीमायची आग

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. देशात पोलादाचे कारखाने नव्हते, त्यांची उंच धुराडी नव्हती, पण लोखंड होतं. आमच्यासारख्या रानातल्या गावांत, पुरुषभर उंचीच्या मातीच्या भट्ट्यांत ते तयार व्हायचं. आमच्या कुरुमटोल्यामागच्या काळडोंगराचा दगड फोडायचा, लाकडी कोळशाबरोबर भट्टीत भरायचा आणि चामड्याच्या दोन भात्यांवर उभं राहून पायांनी वारा घालायचा. डावा पाय, उजवा पाय. दिवसभर असं चाललं की भट्टीच्या पोटात लोखंडाचा गोळा जमायचा. त्याच्या कुऱ्हाडी सात गावं मागून न्यायची. मी फुशारकी मारत नाही, त्या सात गावांना विचारा.

मग इंग्रजांचं राज्य आलं. विलायतेचं लोखंड जहाजं भरभरून येऊ लागलं आणि इकडे जंगल तोडायला बंदी झाली. कोळसा नाही तर भट्टी नाही. एकेका गावाची भट्टी थंड पडली, माणसं सडकेची खडी फोडायला गेली आणि त्यांची नातवंडं लोखंडाचा दगड ओळखायचंही विसरली.

कुरुमटोल्यात जंगल खात्याचा इंग्रज साहेब आला, तेव्हा गावातली धडधाकट माणसं सडकेच्या कामाला नेलेली होती. भात्यावर एकटी सोमारी मडावी होती. जवळ तिची म्हातारी सासू, तीही पायाने अधू. साहेबाच्या चपराशाने हुकूम वाचला, "आजपासून नवी भट्टी पेटवायची नाही. पेटलेली आहे ती विझेपर्यंत राहील."

सोमारीने विचारलं, "आन् विझलीच नाई त?"

साहेब हसला. मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून भट्टी विझायची वाट पाहत बसला. माणूस कागदाचा पक्का. कागदात भट्टी फोडा असं लिहिलं नव्हतं, म्हणून त्याने फोडली नाही. एवढा मान त्याला दिलाच पाहिजे.

सोमारी भात्यावरून उतरली नाही. डावा पाय, उजवा पाय. सासू तिच्या तोंडाला आंबिलीचं भांडं लावायची. लोखंडाचा गोळा निघाला की सासूच भट्टीचं तोंड चिखलाने लिंपायची आणि त्याच निखाऱ्यांवर पुन्हा कोळसा पडायचा. असे सात दिवस गेले. असं म्हणतात, त्या सात दिवसांत कोळशाचा ढीग टोपलीभरसुद्धा कमी झाला नाही. असं म्हणतात, रानातली अस्वलंही लांब बसून बघत होती. अस्वलांचं मला माहीत नाही, पण सोमारीचे पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते, हे सासूने सगळ्यांना सांगितलंय.

आठव्या दिवशी पावसाआधी नदी ओलांडायला निघालेली, सामानाने लादलेली साहेबाची गाडी धोंड्यावर चढली आणि तिच्या चाकांमधला लोखंडी आस मधोमध तुटला. आस विलायती होता बरं का! तिकडे डोंगरावर ढग काळे झालेले. नदीला पूर आला की साहेब चार महिने इथेच अडकणार. चाळीस कोसांत दुसरा लोहार नाही. होता त्याची भट्टी साहेबानेच विझवली होती.

चपराशी भात्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब म्हणतात, आस सांधून दे."

"देईन ना जी. पन मी ऐरनीवर गेली त भाता कोन मारल?"

म्हातारीला जमणार नव्हतं. चपराशाला सांडशीत आस धरायचा होता. उरलं कोण?

"बूट काढा साहेब," सोमारी म्हणाली. "चामडं फाटते."

साहेबाने एकदा ढगांकडे पाहिलं, मग बूट काढले, मोजे काढले आणि तो भात्यावर चढला. दहा पावलांत त्याला धाप लागली, आग खोकल्यासारखी करायला लागली. तशी ऐरणीवरून सोमारी ओरडली, "थांबू नोका साहेब! थांबले त आग मरते!"

साहेब थांबला नाही. दुपार उलटेपर्यंत तो नाचला. जी आग मरताना बघायला आला होता, तीच त्याने आपल्या पायांनी जगवली. आस सांधला गेला, गाडी नदीपार झाली. त्याने कागदावर काय लिहिलं देव जाणे, पण भट्टीसाठी पुन्हा कोणी आलं नाही. माणसं सडकेवरून परतली, पाळ्या लागल्या आणि सोमारी होती तोवर, म्हणजे आणखी चाळीस वर्षं, ती आग विझली नाही. असं म्हणतात, गाडी कुजून गेली, पण आसाचा सांधा अजून शाबूत आहे.

पुढे देश आपला झाला. मोठमोठे पोलाद कारखाने उभे राहिले आणि आमची मुलं-मुली तिथे कामाला लागली. तिथली भट्टी दहा घरांएवढी उंच, आणि एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझू देत नाहीत. इंजिनिअर त्याची कारणं समजावून सांगतात. आमची माणसं शहाण्यासारखी मान हलवतात. आम्हाला ते सोमारीमायने केव्हाच शिकवलंय.

अजूनही दर ज्येष्ठात आम्ही भट्टी पेटवतो. त्या दिवशी गावात कोणीही येवो, कलेक्टर येवो नाहीतर मंत्री, त्याला लगेच खुर्ची मिळत नाही. आधी बूट काढायचे, मोजे काढायचे आणि भात्यावर चढायचं. त्याला धाप लागली की गावातली सगळ्यात म्हातारी बाई पुढे होते आणि सगळ्या गावाच्या वतीने ओरडते, "थांबू नोका साहेब! थांबले त आग मरते!"