भरल्या पानावरून उठलेला पाहुणा

कधीची गोष्ट म्हणून विचारू नका, मला ठाऊक नाही. पण एक गाव होतं आणि त्या गावात एक पंगत मंडळ होतं. कुणाचं लग्न असो, बारसं असो, नाहीतर जत्रेचं गावजेवण असो, मंडळाची माणसं घरची कामं टाकून यायची. चुली पेटवायची, रांधायची, वाढायची आणि शेवटी उष्ट्या पत्रावळीही उचलायची.

मंडळाच्या प्रमुखाला सगळे कारभारी म्हणायचे. कारभाऱ्याला नियम दोनच. सगळ्यांचं जेवण झाल्याशिवाय आपण जेवायचं नाही, आणि दर वर्षी काहीतरी नवं शिकायचं. जत्रेच्या जेवणानंतर देवळासमोर उभं राहून ‘यंदा हे शिकलो’ असं गावाला सांगायचं. सांगता आलं नाही तर हातातली पळी खाली ठेवायची आणि कारभारीपण सोडायचं.

त्या वर्षी भिकाजी कारभारी झाला. माणूस भला, कष्टाळू, बत्तीस वर्षं मंडळात मुरलेला. पहिला नियम त्याला लगेच पटला. दुसऱ्याने मात्र त्याच्या डोक्याचा पार भुगा केला. जत्रा जवळ आली तरी त्याला कळेना, की आपल्याला सगळंच येतं तर आता शिकायचं काय?

तो आचाऱ्याकडे गेला. “मला काहीतरी शिकव रे.”

आचारी हसायलाच लागला. “अहो कारभारी, आमटीची फोडणी तुम्हीच शिकवलीत मला. आता मी तुम्हाला काय शिकवू?”

मग तो गुरवाकडे गेला. गुरव म्हणाला, “तुम्ही एवढी सेवा करता, तेवढं पुष्कळ झालं.”

“पुष्कळ झालं, तर मग नियम दोन कशाला?”

“ते बाबा मला नाही माहीत,” असं म्हणून गुरव समई घासायला बसला. भिकाजी होता त्याहून जास्त गोंधळून घरी आला.

मंडळात साळूबाई म्हणून एक कासारीण होती. गावोगाव बांगड्या भरायची. मंडळात येऊन तिला जेमतेम चार महिने झाले होते. ती एकदा म्हणाली, “कारभारी, तुम्ही वाढताना जरा...”

“साळूबाई, तुम्ही कालच्या,” भिकाजीने तिला मध्येच तोडलं. “मी बत्तीस वर्षं वाढतोय.” आणि पुन्हा ‘शिकू काय, शिकू काय’ करत तो अंगणात येरझाऱ्या घालू लागला. आता काय म्हणावं या माणसाला!

जत्रेचा दिवस उजाडला. भिकाजीने ठरवलं, शिकायला काही सापडत नाही, तर निदान सेवा तरी दुप्पट करू. पहिली पंगत बसली तसं त्याने एकेकाच्या हातातलं भांडं काढून घेतलं. “तू बस, मी वाढतो. तुम्ही दमलात, द्या इकडे.” भातही तोच, भाजीही तोच, जिलबीही तोच. नुसता धावत होता. पानात जिथे मोकळी जागा दिसेल तिथे पदार्थ टाकायचा आणि पुढे पळायचा. बाकीचे वाढपी रिकाम्या हातांनी एकमेकांकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात पंगतीच्या टोकाला बसलेले आबा उठले. आबा पलीकडच्या गावचे, टोपल्या विणणारे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे. दर जत्रेला जेवायला यायचे. त्यांनी हात जोडले आणि काठी चाचपडायला लागले.

सगळ्या पंगतीचे हात थांबले. पाहुणा भरल्या पानावरून उपाशी उठला म्हणजे गावाची मान खाली गेली.

भिकाजी धावत आला. “आबा, काय चुकलं? सगळं आहे की पानात!”

“सगळं आहे रे बाबा, पण कुठे आहे?” आबा म्हणाले. “वर मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधोमध भात. जन्मभर मी त्यावर जेवलो. आज भाताला हात घातला आणि मठ्ठ्याचा द्रोण कलंडला. शेजारचे हसले. घरी मला सगळं विचारावं लागतं. पंगतीत कधी विचारावं लागत नव्हतं, म्हणून तर चार मैल चालत येतो.”

भिकाजीच्या मनात आलं, मी इतका राबलो आणि माझ्याच हातून हे? तो आबांच्या पानासमोर बसला, डोळे मिटले आणि पानावर हात फिरवू लागला. हाताला पाक लागला, चटणी लागली, मठ्ठ्यात भिजलेली पुरी लागली. भात कुठे ते सापडेना. त्याला लाज वाटली आणि मग रडूच आलं.

त्याने डोळे उघडले आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, “साळूबाई, मला पान वाढायला शिकवा.”

“तेच तर त्या दिवशी सांगत होते!” साळूबाई फणकारली. मग तिने नवी पत्रावळ मांडली. “हं, आधी मीठ. तिथे नाही, वर. घाई नको.” भिकाजी एकेक पदार्थ जागच्या जागी ठेवत गेला. कोशिंबीर दोनदा चुकली. आबा बसले. त्यांचा हात सरळ भातावर गेला, आणि ते कुणाला काही न विचारता जेवले.

संध्याकाळी गाव देवळासमोर जमलं. भिकाजी पळी घेऊन उभा राहिला.

“बत्तीस वर्षं मी पान बघून वाढलं, पानावर बसलेला माणूस बघितला नाही,” तो म्हणाला. “ते आज शिकायला लागलोय. पण अजून येत नाही. मग शिकलो म्हणू की नाही? माझं मलाच कळत नाही.” आणि त्याने पळी खाली ठेवली.

गावालाही कळेना. कुणी म्हणे हा गेला, कुणी म्हणे राहिला. चांगलाच गलका झाला.

साळूबाई पुढे आली. पळी उचलून तिने ती भिकाजीच्या हातात कोंबली.

“उद्या पाटलांकडे बारसं आहे,” ती म्हणाली. “लवकर या. तुमची कोशिंबीर अजून चुकतेय.”

तात्पर्य काय, तर ज्याला पुढारपण करायचं असेल त्याने राबावं, आणि ज्याच्यासाठी राबतो त्याच्याकडून शिकतही राहावं.