हवा तो पेला

जर्मनीहून अमेरिकेत आलेल्या कोनराड एबर्लेनं तिथल्या एका गावात बिअरचा कारखाना काढला. पुढं गावात पटकी पसरली, तेव्हा नगराध्यक्ष व्हिटकॉम्ब भरसभेत गरजले, "या परक्याच्या बिअरनंच रोग आणलाय. कारखाना बंद करा!"

कोनराडचे कामगार तहानेलाही बिअरच पीत आणि सगळे ठणठणीत होते. आजारी पडत होते ते नगराध्यक्षांनी चौकात खोदवलेल्या विहिरीचं पाणी पिणारे.

कोनराडनं दोन पेले पुढं ठेवले. "या पेल्यात माझी तासभर उकळून केलेली बिअर, त्या पेल्यात तुमच्या विहिरीचं पाणी. हवा तो पेला तुम्ही प्या, उरलेला मी पितो."

साहेबांनी घाम पुसत बिअर उचलली.

"मग साहेब, आता मी हे पाणी पिऊ, की तुम्ही विहीर बंद करताय?"

"विहीर बंद," साहेब पुटपुटले.

मागं उभ्या असलेल्या कोनराडच्या बायकोचा जीव भांड्यात पडला.