नऊ डहाळ्या

सोप्या वाटेवर माणूस कधी चुकतो का हो? तुम्हीच सांगा.

मोरेश्वरला विचारलं असतंत, तर तो हसला असता. दोर लावून कडे उतरणारा गडी तो. सड्यावरच्या, कातळपठारावरच्या मठापासून खाली समुद्राकाठच्या देवळापर्यंतची ही वाट त्याला पोरखेळ वाटायची. तास-दीड तासाची उतरण. दोन्ही बाजूंना राई. पायाखाली जांभ्या दगडाच्या रुंद पायऱ्या.

मठातले अच्युतबुवा चाळीस वर्षं लोकांना या वाटेने खाली पोचवत आले होते. मोरेश्वर त्यांच्याकडे वाटाड्या व्हायला आला, त्याला तीन महिने झाले. तरी बुवा त्याला एकट्याला सोडेनात.

"बुवा, यात शिकायचं काय राहिलंय?"

"अवघड वाटेवर माणूस आपल्या पायाकडे बघतो."

"आणि सोप्या?"

बुवांनी सुपारी कातरली.

त्या दिवशी मात्र बुवांचा गुडघा धरला होता, आणि घाटावरची नऊ माणसं दारात उभी होती. मोरेश्वर त्यांना एकटाच घेऊन गेला. दिवस मावळायच्या सुमाराला शीळ घालत परत आला आणि पायांवर पाणी घेऊ लागला.

"किती पोचले?" बुवांनी ओसरीवरून विचारलं.

"नऊच्या नऊ."

"पाहिलेस?"

"खालच्या देवापाशी नऊ डहाळ्या आहेत, बुवा."

या वाटेची रीतच तशी होती. वाटेच्या वरच्या तोंडाशी एक बिनचेहऱ्याचा दगड, खालच्या तोंडाशी दुसरा. दोन्ही वाटेचे देव. निघताना प्रत्येकाने वरच्या देवाला एक डहाळी ठेवायची. वाटेत हाताला येईल ती दुसरी तोडायची, आणि उतरल्यावर खालच्या देवाला द्यायची. वाटाड्याने मात्र काही ठेवायचं नाही. त्याने नुसतं उभं राहून बघायचं.

"कसला पाला होता रे?"

"वर ना? करवंदीचा, ऐनाचा, एकाने तर चक्क घाणेरी आणली..."

"खाली?"

मोरेश्वरचा तांब्या हातातच राहिला.

"उंडीचा."

"आणखी?"

"...उंडीचाच."

"नऊच्या नऊ उंडीच्या?"

उंडीचं झाड त्या वाटेवर एकच होतं, खालच्या देवाच्या डोक्यावर. बुवांना ते ठाऊक होतं. मोरेश्वरलाही.

"बुवा, माणसं दमली होती. समोर समुद्र दिसला तशी निम्मी वाळूकडे पळाली, निम्मी देवळाकडे. थांबायला कुणी तयार होईना. मग मीच एक फांदी मोडली, नऊ डहाळ्या केल्या आणि..."



 मोरेश्वर एकेक चेहरा आठवू लागला. ते जाडे मास्तर, सारखे म्हणत होते, "ही वाट आहे की आमच्या घरचं अंगण?" त्यांच्या बायकोने त्यांना सुनावलं होतं, "अंगणात तरी कुठे चालता तुम्ही!" मग ते चार भाऊ. मग ती नवी जोडी. झाले आठ.

नववी... हिरव्या लुगड्यातली म्हातारी. गजराबाई. एकटीच आली होती, कुणाच्या ओळखीची नव्हती. वरच्या देवापाशी तिने विचारलं होतं, "दादा, कुठलीबी डहाळी चालती का?" आणि तो म्हणाला होता, "चालते हो आजी, पाय उचला."

त्यानंतर ती त्याला कुठेच आठवेना.

"देवळाच्या धर्मशाळेत असेल," तो म्हणाला. "जेवत असेल."

"असेलही," बुवा म्हणाले, आणि त्यांनी खुंटीवरचा कंदील काढला.

"तुम्ही असल्या गुडघ्याने कुठे येता? मी धावत जातो."

"जाताना घाईत होतास. आता तरी चाल."

वाट तीच होती. पण मोरेश्वरला ती ओळखू येईना. मघाशी रुंद वाटलेल्या पायऱ्या आता झाडांच्या सावलीत विरत होत्या. अर्ध्यावर डावीकडे गुरांची वाट फुटते. तीही तितकीच रुंद, तितकीच मळलेली. पुढे ती कड्यावर जाते, आणि कड्याखाली खडक आणि समुद्र. गुरं तिथून वळतात. अनोळखी माणसाला कोण वळवणार?

मोरेश्वर फाट्यावर आला आणि त्याचा धीर सुटला.

"आजी! ओ आजी! गजराबाई! आजीऽऽ!"

हाकेवर हाक. घसा कोरडा पडला. तो पुढे धावणार, तोच बुवांनी त्याचा दंड धरला. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"किती हाका मारल्यास?"

"मोजतंय कोण, बुवा! सोडा मला!"

"तिने मारायची कधी?"

मोरेश्वर उभा राहिला.

समुद्राची गाज... रातकिडे... त्याचं स्वतःचं काळीज.

आणि मग टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. दगडावर दगड.

ती कड्याच्या अलीकडे वीस-पंचवीस पावलांवर बसलेली होती. पाय मुरगळून सुजला होता. ओरडून ओरडून आवाज बसला होता, म्हणून हातात दगड घेतला होता.

"आलात व्हय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मघाशी शीळ ऐकू आली. म्या लई हाका मारल्या. पर शीळ काय थांबंना."

मोरेश्वर तिच्या पायाशी बसला. ती शीळ त्याची होती.

"आजी, इकडे कशाला वळलात?"

"वळले कुठं? वाट सरळच होती की. पुढं कुणी दिसंना, म्हटलं गेले असतील म्होरं. सोपीच हाये वाट, असं तुमीच म्हणाला होता."



म्हातारीच्या दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती. तिने ती उघडली. आत करवंदीची डहाळी होती. पानं मरगळलेली, काटे हातात रुतलेले.

"खालच्या देवाची हाये," ती म्हणाली. "आता माझ्याच्यानं कुठलं व्हतंय. तुमीच ठेवा, दादा."

मोरेश्वरने हात पुढे केला. मग बुवांकडे पाहिलं.

बुवा कंदिलाची वात नीट करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मोरेश्वरने हात मागे घेतला.

"नको आजी," तो म्हणाला. "तुमच्यापाशीच राहू दे."

त्याने तिला पाठीवर घेतलं. औषध मठात होतं, म्हणून वर नेलं. बुवांनी हळदीचा लेप दिला, तो त्याने तिच्या पायाला बांधला. म्हातारी डहाळी उशाशी ठेवून झोपली. मोरेश्वरला डोळा लागला नाही. मधूनमधून तो उठायचा, आणि तिचा श्वास चालू आहे ना, ते बघून यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गजराबाईंना पाठीवर घेऊन वाट उतरला. बुवा काठी टेकत मागून आले. फाट्यावर मोरेश्वर थांबला आणि त्याने वळून त्यांच्याकडे पाहिलं. पुढेही दर थोड्या पावलांनी तो वळून पाहत होता.

खालच्या देवापाशी त्याने म्हातारीला अलगद टेकवलं. तिने वाकून, आपल्या हाताने, सुकलेली करवंदीची डहाळी दगडावर ठेवली आणि हात जोडले. शेजारी कालच्या उंडीच्या डहाळ्या होत्या, अजून हिरव्यागार.

मोरेश्वर खाली मान घालून म्हणाला, "बुवा, दहा झाल्या."

बुवांनी दगडाकडे पाहिलं.

"एक," ते म्हणाले.