बंदरावर न घेतलेलं नाव

“कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर, फादर. हे बुडाले नाहीत. यांना कुणीतरी इथं अडकवून ठेवलंय. सांगा, कोण आहे तो?”

फादर बावतीस मूळचे वसईचे. माल्टा बेटावर, बिर्गूच्या बंदराशी त्यांचं जुनं चर्च. अर्धं आयुष्य इथं गेलं, मराठी शाबूत.

“आधी बस, बाय.”

“बसायला नाही आले.”

मी दाभोळची. नवरा जहाजावर खलाशी. त्यांचा शेवटचा फोन याच बेटावरून आला, तेव्हा पोरगी मांडीवर होती. आता लग्नाची झाली. भावकीनं दर्भाचा पुतळा करून जाळला. मी कुंकू पुसलं नाही. लोक म्हणाले, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. झाला तर झाला. टूर कंपनीबरोबर पोळ्या लाटायला आले ती एवढ्याचसाठी. एक दिवस सुट्टी मिळाली, फोटो घेऊन निघाले.

सकाळी मार्सास्लॉक. तिथं होड्यांच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, डोळे रंगवतात. सगळ्या होड्या माझ्याकडे बघत होत्या, माणूस एक बघेना. मग सेंगलिया. दगडी तट, दगडी जिने, बंद दारं. दुपारी बिर्गू. इथल्या मासेवालीला माझी भाषा कळेना, मला तिची. शेवटी तिनं हाताला धरून फादरांच्या दारात आणून सोडलं.

“लोकांना विचारलंस काय?” फादर म्हणाले.

“फोटो दाखवायचा. म्हणायचं, आमचे हे.”

“नाव?”

मी फोटोच पुढे केला.

फादर हसले. “तीन बंदरं ‘आमचे हे’ म्हणत फिरलीस? अगं, इथं घरोघरचा एक ‘हा’ समुद्रावर गेलेला असतो.”

“हसा. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. आमच्यात घेत नाहीत.”

“आणि तुझं कमी झालं ते?”

“माझं सोडा. फोटो बघा.”

त्यांनी फोटो घेतला. बघत राहिले. जरा जास्तच वेळ.

“तुझा संशय कुणावर?”

“एजंट शिरधनकर. चांगल्या बोटीचं सांगून भलत्याच बोटीवर चढवलं यांना. मग जाऊ, सुलभा. तिची नजरच वाईट. मग सासू, कृष्णाबाई. मी नको नको म्हणताना तिनं धाडलं.”

“सासूचं नाव घेतलंस की.”

“तिचं आयुष्य कमी झालं तर होऊ दे.”

“आणखी?”

“इथली कुणी गोरी भवानी असेल तर तीसुद्धा. दाखवा मला. झिंज्या उपटते.”

फादरांनी उघड्या दारातून धक्क्याकडे बोट केलं.

“दोर दिसतात?”

“दिसतात. मनगटाएवढे आहेत.”

“या बंदरात बोटी बांधतात, बाय. बांधून ठेवलेला माणूस मी इथं बघितला नाही.”

“म्हणजे? अहो, म्हणजे काय?”

त्यांनी फोटो बाकावर पालथा ठेवला. कोरी बाजू वर.

“एवढ्या जणांची नावं घेतलीस. एक राहिलं. घे.”

मी तोंड उघडलं… जीभ वळेना. भांडायला वळते, शिव्या द्यायला वळते. याला वळेना.

बाकांच्या रांगा रिकाम्या. बाहेर दोर करकरत होते.

“नाही जमत?”

मी मान हलवली.

“मग मी घेतो,” फादर हळूच म्हणाले. “मनोहर शिवराम पावसकर.”