नगारचीच्या चपला

फार वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की वेशीवरच्या चिंचेच्या झाडाला तेव्हा अजून चिंचा लागत नव्हत्या.

एका नगरात राजाचा एक नगारची होता. पहाटे त्याचा नगारा वाजला की गाव उठे. त्याच्यामागोमाग कोंबडे आरवत, आणि या गोष्टीचा त्याला मोठा ताठा होता. आधी कोण, मग कोण, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

वेशीजवळ, त्या चिंचेखालीच, एक वैद्यबाई राही. तिच्याकडे कोणीही, कधीही, न सांगता जावं. ती घडोघडी बाहेर येई, रांगेतल्या सगळ्यांवर नजर फिरवी आणि ज्याचं दुखणं जास्त त्याला आधी आत घेई. लोक मात्र हुशार! पहाटे चपला रांगेत ठेवायच्या आणि घरी जाऊन लोळायचं. हसू नका, तुम्हीही ठेवल्या असत्या.

एकदा नगारचीच्या उजव्या हाताला बाभळीचा काटा लागला. दुसऱ्या दिवशी हात भाकरीसारखा फुगला आणि मनगटापासून एक लाल रेघ वर निघाली. कसाबसा नगारा वाजवून त्याने वैद्यबाईच्या दारात सगळ्यात पुढे चपला ठेवल्या आणि घरी जाऊन आडवा झाला.

न्याहारीच्या वेळेला येऊन पाहतो तर काय, आत्ताच आलेला एक धनगर आत गेलेला!

"हा कुठला न्याय?" तो गरजला. "माझ्या चपला पहाटेपासून इथे आहेत!"

"हो, आहेत ना," रांगेतली तेलीण म्हणाली. "बाईंनी विचारलंसुद्धा, कोणाला काय होतंय म्हणून. तुमच्या चपला काही बोलल्या नाहीत, बुवा."

सगळी रांग खिदळली. धनगराला विंचू चावला होता, पण ते ऐकतो कोण? नगारचीने सुजलेला हात उपरण्याखाली दडवला. या टोळक्याला हात दाखवून त्यांच्याकडून कीव करून घ्यायची? छट्! पाय आपटत तो घरी गेला.

दुपारी परत आला. या वेळी चक्कर येऊन पडलेल्या एका गरोदर बाईला उचलून आत नेत होते.

"पुन्हा घुसखोरी!" तो दारातूनच ओरडला. "राजाला सांगतो! पहिला मी आलोय, पहिला मी!"

"बुवा, तुम्हाला काय होतंय?" वैद्यबाईने आतून विचारलं.

"ते माझी पाळी आल्यावर सांगेन!" म्हणत तो तणतणत परतला. हात तसाच उपरण्याखाली.

दिवस कलायला लागला तेव्हा बायकोनेच त्याला आणलं. अंगात थंडी भरलेली, दात वाजत होते, लाल रेघ काखेपर्यंत पोचलेली. वैद्यबाईने लांबूनच पाहिलं आणि सगळ्यांना बाजूला सारलं.

"कधीपासून आहे हे?"

"सकाळपासून... रांगेत होतो..."

"तुम्ही कुठे होता रांगेत? चपला होत्या!" वैद्यबाई कडाडली. "त्या मी तपासल्या. एकीचा अंगठा तुटलाय, बाकी ठणठणीत आहेत! दोनदा दारात येऊन भांडलात, पण हाताचं सांगायला तुमची जीभ जड झाली? सकाळीच हात दाखवला असतात तर विंचवाच्या आधी तुम्हाला घेतलं असतं!"

जखम चिरली, पू काढला, लेप बांधला. चार दिवस तिने त्याला उठू दिलं नाही. नगारची वाचला, पण उजव्या हाताची बोटं आखडली ती आखडलीच. टिपरी काही त्या हातात पुन्हा धरता आली नाही. तेव्हापासून नगारा एकाच हाताने वाजू लागला, आणि त्या अर्ध्या ठेक्यावर गाव अर्धवट जागं होई.

पण बुवाचा आवाज शाबूत होता. नगारा वाजवून झाला की तो थेट वैद्यबाईच्या दारात जाई, रिकाम्या चपला डाव्या हाताने उचलून चिंचेवर भिरकावी आणि मालकाच्या दारात जाऊन ओरडे, "अरे ए! आजारी तू आहेस की तुझी चप्पल? ऊठ, स्वतः चल, आणि काय दुखतंय ते आधी सांग!"

चिंचेला पहिलं फळ लागलं ते हे असं, चपलांचं.

वैद्याच्या दारात पाळी आधी येणाऱ्याची नसते, जास्त आजारी असणाऱ्याची असते; म्हणून स्वतः जा, आणि दुखणं लपवू नका.